अडतिसावा फोटो

काचबिंदूने नीलकंठरावांची नजर गिळली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून धारच्या त्यांच्या घरातल्या डार्करूममध्ये लोणच्याच्या बरण्या राहायला आल्या होत्या. ज्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं अर्ध्या गावाची लग्नं धुऊन काढली, तिचा उंबरा ते चुकूनही ओलांडत नसत. "आंधळा फोटोग्राफर कुणाच्या काय कामाचा?" असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. "कामाचं नंतर बघू, आधी भाजी संपवा," हे त्यांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं, ठरलेलं उत्तर.

मंगळवारी दुपारी देवासहून वल्लरी आली. ही त्यांची शेवटची शिष्या. जुना कॅमेरा त्यांनी तिलाच देऊन टाकला होता. तो आज ओढणीत गुंडाळून, इंदूरला बस बदलत, तिने उराशी धरून आणला होता.

"काका, गडबड झाली," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "छत्तीस संपले, तरी मी दो और खींचे. तुम्हीच म्हणता ना, छत्तीसच्या रोलमधून अडतीस निघतात! मग लिव्हर जोरात ओढला तर आत खट्ट झालं. आता रिवाइंडच होत नाही, चाक नुसतं गोल फिरतंय."

नीलकंठराव मनातल्या मनात चरफडले. खिसा राखायला शिकवलेली युक्ती पोरीच्या अंगाशी आली होती. फिल्म डबीतून उपटून निघाली होती, ती परत आत जाणार नव्हती, आणि उजेडात कॅमेरा उघडला की सगळे फोटो जाणार.

"इंदूरला दाखवायचास."

"दाखवला ना. दुकानवाला भिया तर वहीं खोलने लगा! हातातून ओढून आणला."

"आहे काय एवढं त्यात?"

"आमच्या आत्याबाई. अडतिसावा."

वल्लरीच्या आत्याला, देवासच्या भवानीबाईंना, कोण ओळखत नव्हतं! देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या दरबारातलं घराणं. लग्नाच्या फोटोतसुद्धा पदर नाकापर्यंत, खाली हनुवटी तेवढी दिसते. मोबाइल समोर धरला की त्या तोंड फिरवत. "त्यातला फोटो गावभर हिंडतो, कागदावरचा घरात राहतो," असं त्यांचं म्हणणं. आता गुरुवारी त्या मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या होत्या, आणि निघता निघता वल्लरीला म्हणाल्या होत्या, "काढ. पण एकच. दुसरा म्हणालीस तर उठून जाईन."

"मला जमायचं नाही गं," नीलकंठराव म्हणाले. "मला दिसत नाही."

"मला तरी अंधारात कुठे दिसतं, काका?"

वल्लरी सहज बोलून गेली, पण म्हाताऱ्याला ते लागलं. बरंच लागलं. ते उठले आणि भिंत चाचपत डार्करूमपर्यंत गेले. दुर्गाबाईंनी बरण्या बाहेर काढल्या, खिडकीला रजई ठोकली आणि दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली. वल्लरीचा मोबाइल आणि हातातलं अंधारात चमकणारं घड्याळ त्यांनी पिठाच्या डब्यात टाकलं.

"लाल दिवा तरी राहू दे?" वल्लरीने विचारलं.

"तो कागदाला. फिल्मला काजवासुद्धा चालत नाही."

तिघंही आत गेली आणि दार लागलं. कॅमेऱ्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. नीलकंठरावांच्या बोटांना घाम आला होता, आणि ओलं बोट फिल्मला लागलं तर ती चिकटणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "अगं, पदर," ते पुटपुटले. दुर्गाबाईंनी पदर पुढे केला. हात पुसले, आणि मग त्या बोटांना जुनं सगळं आठवलं. कडेची भोकं, फाटलेलं टोक, फिल्मची बाहेरची गुळगुळीत बाजू. वेटोळं हळूहळू सुटलं आणि स्टीलच्या रिळावर एकेक फेरा बिनबोभाट बसत गेला. फिल्म धुवायचा डबा बंद झाला.

"लाव दिवा," ते म्हणाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण चेहरा दोन वर्षांत दिसला नव्हता इतका खुलला होता.

पुढे रसायनं, पाणी, वाळवण. वल्लरीने निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि ती ओरडलीच. अडतिसावा होता! टोक फाटलं तिथे डावा खांदा गेला होता, चेहरा मात्र शाबूत.

संध्याकाळी लाल दिव्याखाली दुर्गाबाईंनी प्रिंट काढली. छपाईत त्यांचा हात पूर्वीपासून नवऱ्यापेक्षा सरस. ताटलीतल्या रसायनात कागद हलत होता.

"आली?" नीलकंठरावांनी विचारलं.

"आली. पदर मागे घेतलाय. आणि अहो, हसतायत त्या."

बुधवारी रात्री देवासहून फोन आला. आधी वल्लरी, मग भवानीबाईंचा खणखणीत आवाज. "फोटोग्राफर, तोंड बरं आलंय. पण माझा खांदा कुठे गेला? दिवाळीला मी येणार आहे. तेव्हा दुसरा काढा, नीट."

कायमच्या जाणाऱ्या बाई दिवाळीला येणार होत्या. नीलकंठराव फोन ठेवून डार्करूमच्या उंबऱ्यापर्यंत गेले. मग म्हणाले, "अगं, त्या बरण्या..."

"त्या मी परत ठेवल्याच नाहीत," दुर्गाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.