उंबऱ्यावर बसू नको

खुबा मोडल्यापासून हेमावतीबाईंचं जग घराच्या उंबऱ्याशी संपायचं. जुना सागवानी उंबरा, चांगला वीतभर उंच. वॉकर तिथं येऊन अडायचा. बाहेर कट्ट्यावर बायका शेंगा फोडत बसायच्या आणि या आतून त्यांच्या गप्पांत तोंड घालायच्या.

"आई, उंबरा तरी काढू, न्हाईतर लिफ्टच्या फ्लॅटमध्ये जाऊ," मुलगा बसू चिंचोळीहून ड्युटी करून आल्यावर रोज म्हणायचा. त्यांना दोन्ही नको होतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात उतार नि धरायचे दांडे बसवून देणाऱ्या संस्थेची प्रियंका मापं घ्यायला आली, तर या दारात वॉकर आडवा लावून उभ्या राहिल्या. बिचारी चहा पिऊन परत गेली.

"आत्ती, त्या लाकडात एवढं काय हाय?" सुनेनं, चंद्रिकेनं, शेवटी एकदा बसूसमोरच विचारलं.

हेमावतीबाईंना हसू आलं आणि त्या सांगू लागल्या. लग्न होऊन त्या अक्कलकोटाच्या पलीकडून आल्या, तेव्हा मराठीचे दोन-चार शब्दच कळायचे. प्रवासानं दमलेली नवरी दारातच टेकणार असं बघून सासूबाई ओरडल्या, "उंबऱ्यावर बसू नको!" हिला त्यातलं 'बस' तेवढं कळलं. सासूचा पहिलाच हुकूम, मोडायचा कसा? बसली की शालूसकट उंबऱ्यावर! अख्खी गल्ली हसली. नवऱ्यानं, पंचाक्षरीनं, मात्र सगळ्यांदेखत हात पुढं केला आणि तिच्या कन्नडात हळूच म्हणाला, "एळु." ऊठ.

"मुलगा झाला तर ह्यांनी नाव ठेवलं बसू. लोकांना सांगायचे, बसवेश्वराचं नाव हाय. आणि माझ्याकडं बघून मिशीत हसायचे."

"म्हंजे माझं नाव त्याच्यावरनं?" बसू म्हणाला.

"व्हय की."

पंचाक्षरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी दारात चपला वाजल्या की अजून हेमावतीबाईंची मान वळायची. रोज उंबऱ्याला विभूती लावायचा नेमही आता सुटला होता, कारण वाकता येत नव्हतं. सून लावायची, या लांबून बघायच्या. ते त्यांना फार लागायचं.

बसूनं उंबऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "राहू दे उंबरा. उतार नि त्याला धरायचा पाइपचा दांडा, दोन्ही नको म्हणून प्रियंकाला सांगतो."

हेमावतीबाई उंबऱ्याकडं बघत राहिल्या. "पाइप कशाला?" त्या म्हणाल्या. "हेच लाकूड लाव भिंतीला. मला धरायला."

मडिवाळप्पा सुतारानं उंबरा काढला, कडा गोल केल्या आणि दाराबाहेर भिंतीत कंबरेच्या उंचीवर पक्का बसवला. उतार झाला. त्या सकाळी हेमावतीबाईंनी न वाकता लाकडाला विभूती लावली आणि ते घट्ट धरलं. चंद्रिका सावरायला पुढं आली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी दिलाय हात."

मग स्वतःशीच पुटपुटल्या, "एळु," आणि उतारावर पाऊल टाकलं. कट्ट्यावरच्या बायका सरकून जागा करू लागल्या.