दोघांत एक दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या काचेवर बारीक चरा आहे, पट्टा दोनदा बदलला आहे आणि उजव्या डोळ्याकडच्या फिरत्या कड्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले आहेत.

पक्षी पाहायला आलेल्या एका पाहुण्याने मला बेलीझमधल्या या तळ्याकाठच्या गावात आणले आणि जाताना व्हर्लीन वेस्टबीला देऊन टाकले. व्हर्लीन पाहुण्यांना पक्षी दाखवायची. तिचा नवरा अल्रिक होडी चालवायचा.

मी एकटी आणि पाहणारे दोघे. माणसाचे दोन्ही डोळे सारखे नसतात, म्हणून ते उजवे कडे फिरवून मला आपल्या डोळ्याला जुळवून घ्यावे लागते. व्हर्लीनला जुळले की अल्रिकला धूसर दिसे. अल्रिकने फिरवले की व्हर्लीन करवादे.

"फिरवलंस ना पुन्हा? तो बगळा मला कापसाच्या बोळ्यासारखा दिसतोय!"

"मग काय करू? तू बघायचं आणि मी नुसतं वल्हं मारायचं?"

"मार की. तेवढंच तर जमतं तुला."

पाहुणे हसत. अशी आमची पुष्कळ वर्षे गेली. जाबिरू नावाचा एक मोठा पांढरा करकोचा इथे घरटे करतो. तो माझ्यातून दिसला तेव्हा एक म्हातारी पाहुणी रडली होती. तिने मला परत देताना आपल्या बाहीने पुसून दिले.

मग व्हर्लीन आजारी पडली आणि गेली. माझे कडे शेवटचे तिनेच फिरवले होते. अल्रिकने मला पेटीत ठेवले. कधी मला बाहेर काढून तो तळ्याकडे रोखी, पण कड्याला बोट लावत नसे. धूसर दिसे तेवढे पाही आणि पेटी बंद करी. पाहुणे त्याने बंदच केले.

पावसाळ्यात माझ्या काचेच्या कडेला बुरशी धरली. या दमट हवेत पेटीतली दुर्बीण हळूहळू आंधळी होते.

व्हर्लीनची थोरली बहीण इस्मे त्याला नारळाच्या दुधातला राजमा-भात आणून द्यायची. तिने एकदा पेटी उघडली.

"अल्रिक, अरे हिला बुरशी आली! आणखी एक पावसाळा गेला की फेकून द्यावी लागेल."

"राहू दे ती."

"राहू कसली दे? ऊठ. जाबिरू बसलाय म्हणतात पाइनच्या झाडावर. होडी काढ. नाहीतर मी काढते, आणि मग बुडाले तर तुझ्या डोक्यावर."

इस्मेला पोहता येत नव्हते. अल्रिक उठला.

तळ्यात पाणी कमी झाले होते. पाइनच्या झाडासमोर इस्मेने मला डोळ्यांना लावले. तिला नीट दिसेना. अल्रिक काही बोलायच्या आत तिने कडे फिरवले.

"अगं, काय केलंस! ते व्हर्लीनचं होतं!"

"काय व्हर्लीनचं?"

"तिच्या डोळ्याला जुळवलेलं होतं ते!"

इस्मेने मला त्याच्या हातात दिले. अल्रिक कडे मागे फिरवू लागला, मग पुढे, पुन्हा मागे. पण व्हर्लीनची जागा कोणती, हे ओळखायला व्हर्लीनचाच डोळा हवा होता. मी काही सांगू शकत नव्हते.

आणि फिरवता फिरवता एके ठिकाणी घरटे स्वच्छ दिसले. पक्षीण पंख पसरून उभी होती. तिच्या सावलीत दोन राखाडी पिल्ले चोची उघडून धापा टाकत होती.

अल्रिकची बोटे थांबली.

"सापडली का तिची जागा?" इस्मेने हळूच विचारले.

"नाही," तो म्हणाला. मग मला डोळ्यांवरून न काढताच म्हणाला, "पिल्लं दोन आहेत."

माझी बुरशी पूर्ण गेलेली नाही. तिच्यासकट मी आता रोज अल्रिकबरोबर तळ्यावर जाते. मित्रांनो, दुर्बीण पेटीत कोंडून ठेवू नका. तिला कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर ठेवा. ती कुणाची आठवण असली तरी वापरा, आणि वापरताना कडे आपल्या डोळ्याला जुळवून घ्या. त्यात त्या आठवणीचा अपमान नाही.