बेस दे ना

आमच्या दोघांत पुजारी मी. खेळ जुना, इंग्रजी, कॉम्प्युटरवरचा, तलवारी आणि राक्षसांचा. त्यात अमर लढवय्या आणि मी त्याच्या मागे उभा राहून मंत्र टाकणारा. या पुजाऱ्याला दिवसाचे मोजकेच मंत्र मिळतात. ते संपले की झोप काढल्याशिवाय परत येत नाहीत. आणि मी जात्याच कंजूष. पुढे याहून मोठा राक्षस निघाला तर काय, म्हणून मंत्र राखून ठेवतो. अमर मरून पडतो तेव्हा बहुतेक वेळा माझ्याकडे निम्मे शिल्लक असतात.

यावरून आमचं पंधरा वर्षांचं भांडण आहे. जखमा भरायचे मंत्र नंतरचे, पण खरा कामाचा मंत्र लढाईच्या आधीचा. त्याचं नाव 'ब्लेस', म्हणजे आशीर्वाद. तो टाकला की सहा डाव आपल्या माणसांचे घाव नीट बसतात, भीती कमी होते. सावली या आमच्या गावच्या नेट कॅफेत अमरने तो शब्द पहिल्यांदा वाचला तो 'बेस'. आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं, झकास. जेवण बेस, तब्येत बेस. मी पोट धरून हसलो, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. लढाईला भिडण्याआधी अमर माइकवर बोंबलायचा, "अबे संघपाल, बेस दे ना!" आणि मी म्हणायचो, "थांब, पुढं लागन."

मी आता जिवतीच्या डोंगरावरच्या एका गावात मास्तर आहे. अमर सावलीलाच राहिला, तलावावर जाळं टाकतो. रविवारी बाकीचे मास्तर खाली आपापल्या घरी जातात. मला जायला घर उरलेलं नाही. आई गेल्यावर सावलीची खोलीही सोडली. मग दुपारी लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीखाली बसतो, कारण नेटवर्क तिथेच येतं. आठवडाभर मी 'सर' असतो. रविवारच्या त्या दोन तासांत कोणीतरी मला 'अबे' म्हणतं. कोणाला हे पोरकट वाटेल तर वाटो. माझ्याकडे दुसरं काही नाही.

माझे घरमालक लच्छूभाऊ एकदा पडद्यात डोकावले. "हा गडी मागं काऊन उभा हाय?"

"पुजारी हाय, भाऊ. कोणाले मार लागला का त्याले बरं करते."

"लागल्यावर?" त्यांना ते पटेना. "आमचा पुजारी पेरणीच्या आधीच शीव फिरून गाव बांधते. रोग शिरल्यावर बांधून काय फायदा?"

मी नुसती मान डोलावली. मास्तराला कोणी शिकवलेलं आवडत नाही.

दिवाळीनंतर अमरचा माइक बिघडला. निदान त्याने तसं कळवलं. बोंबलणं बंद झालं, तो नुसतं टाइप करायला लागला, तेही थोडंथोडकं. त्याच्या आवाजाशिवाय मला अजिबात करमेना. पण तसं लिहिण्याऐवजी मी त्यालाच चिडवत राहिलो.

मग माघातला एक रविवार. खेळात आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो, आसपास राक्षस सोडा, उंदीरसुद्धा नव्हता. अमरने लिहिलं, "उद्या चंद्रपूरले जाऊन राह्यलो."

"कायले?"

"तोंड दाखवाले."

मला वाटलं, स्थळ आलं. एकतीस वर्षांचा घोडा, तीन ठिकाणचे नकार पचवून बसलेला. मी लिहिलं, "तुह्यं तोंड पाहून पोरगी पळन. दाढी तरी करून जाय."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "बेस."

बरं म्हणतोय, असं मी समजलो. त्याचा लढवय्या माझ्या पुजाऱ्याच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. पुन्हा एकदा आलं, "बेस." मी हसत अंगठा पाठवला आणि तो निघून गेला.

पुढच्या रविवारी अमर आलाच नाही. दोन तास वाट पाहून मी फोन लावला. त्याच्या बहिणीने, रंजीताने उचलला.

"दादाले बोलता येत नाई, भाऊ. दिवाळीपासून तोंडच उघडत नाई त्याचं, एक बोट जाते फक्त. गालात जखम हाय. सोमवारी चंद्रपूरले तुकडा काढला तपासाले. गुरुवारी रिपोर्ट देतीन."

"संग कोण गेलतं?"

"एकटाच. मी येतो म्हटलं तं नको म्हणे. संघपालले सांगतलं, तो येईन, म्हणे. तुमाले सांगतलं नाई का त्यानं?"

सांगितलं होतं. दोनदा मागितलंही होतं. मी चॅट वर सरकवून वाचलं. उद्या जातो. तोंड दाखवायला. बेस. बेस. समोर राक्षस दिसत नव्हता, म्हणून मला तो मजेत वाटला. पंधरा वर्षं माझ्याकडे तो एकच शब्द मागत आला होता आणि मी त्याला अंगठा दाखवला. तंबाखू-सुपारीचा खर्रा आम्ही दोघांनी एकाच दिवशी तोंडात टाकला होता. मी नोकरी लागल्यावर सोडला. त्याला 'सोड' म्हणायचं मात्र पुढे कधीतरी बोलू म्हणून राखून ठेवलं. मला माझीच शिसारी आली.

गुरुवारी रजा टाकली आणि सकाळची पहिली गाडी धरली. दवाखान्याच्या लांब बाकावर अमर गालाभोवती दुपट्टा गुंडाळून टोकाला बसला होता. मला पाहून त्याचे डोळे भरले, मग त्याने रागाने मान फिरवली. मी शेजारी जाऊन बसलो.

"चुकलो बे," मी म्हणालो.

त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला.

त्याचं नाव पुकारलं. अमर उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. दुपट्टा सोडून त्याने डोकं खाली केलं. बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेस," मी म्हणालो.

"सगळे टाक," तो मिटल्या दातांतून पुटपुटला. "आता काई राखू नको."

"आधी पेशंटला येऊ द्या," आतून कोणीतरी म्हणालं. दार लागलं.

खेळात बेस सहा डाव टिकतो. मी दाराबाहेर उभा राहून सहापर्यंत मोजलं, पुन्हा बेस म्हणालो, पुन्हा सहापर्यंत मोजलं. दार अजून उघडलं नव्हतं.