नोटिशीतल्या वेलांट्या

छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासलेले सासरे निवृत्तीनंतर इमारतीतल्या नोटिसा तपासू लागले. लिफ्टपाशी 'पाणि येणार नाही' दिसलं की खिशातलं लाल पेन बाहेर यायचं. आधी लोक हसले. पण त्यांनी शोकसभेच्या पत्रकावरही दोन वेलांट्या सुधारल्या, तेव्हा इमारतीचे चिटणीस घरी येऊन सुनेला बरंच सुनावून गेले.

सून औषधांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकांचं ऐकून आधीच तिचं डोकं भणभणलेलं.

"तुझ्या बाबांना तूच आवर," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने हात वर केले. "मी बोललो की आमचं वाजतं. तू विचार."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "रागावू नकोस गं. हल्ली दिवसातून चारदा खाली जातात, मुद्दाम चुका शोधायला. काहीतरी सलतंय. मला ताकास तूर लागू देत नाहीत."

सून चहा घेऊन गॅलरीत सासऱ्यांशेजारी बसली, ती भांडायच्या तयारीनेच. तोंडून मात्र वेगळंच निघालं. "बाबा, चूक सापडली की बरं वाटतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वाटतं, डोकं अजून ठिकाणावर आहे. माझा थोरला भाऊ शेवटी स्वतःचं नावही विसरला होता. आणि त्या पत्रकात माझ्याकडून तीन चुका सुटल्या. नंतर भिंगातून पाहिलं."

"भिंगातून दिसल्या?"

"लख्ख."

"मग डोक्याचं काय घेऊन बसलात? डोळे कधी तपासलेत?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सुनेने स्मरणशक्तीचीही तपासणी करून घेतली. तीत काळजीचं काही नव्हतं. बसमधून परतताना ते म्हणाले, "वाटलं, मला वेड्यात काढाल."

"त्यासाठी आधी सांगावं तरी लागतं, बाबा."

ते खूप दिवसांनी मोकळं हसले. चिटणिसांची माफी मागायला स्वतः गेले. चिटणीसही वरमले. आता प्रत्येक नोटीस लावण्याआधी ते ती सासऱ्यांकडे पाठवतात.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी सून कामावरून आली. दार सासऱ्यांनी उघडलं आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"किती दमलेली दिसतेस गं. इतके दिवस मला दिसलंच नाही," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन आत गेले.