नारळ आणि लाल बंब

मुरुमच्या जिनिंग कारखान्यात आग विझवायचा लाल बंब आला, तेव्हा पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची. नवऱ्यानं टाकलेली, कापसातला कचरा वेचायच्या कामावर होते. बंब मांडीइतका उंच, लोखंडी, डोक्यावर पितळी गुंडी. तो बायकांच्या बाजूला स्टुलावर ठेवला.

खंडेनवमीला प्रत्येक गडी आपापल्या यंत्राला नारळ फोडायचा. बंबाला धनी नव्हता. मुकादम बंडप्पा म्हणाला, "हरणाबाई, तुमच्या बाजूला हाय, तुमीच फोडा."

बायका नारळ फोडत नाहीत. पण मला तो मान वाटला. हळदकुंकू वाहिलं, जवळ दगड दिसेना, म्हणून नारळ त्या गुंडीवरच आपटला.

आत काच फुटली. नळीतून धार सुटली ती थेट मॅनेजर आण्णासाहेबांच्या धोतरावर. थांबेचना.

"देव पावला की गं!" शेजारची नागम्मा ओरडली.

बंब भरायला सोलापूरहून माणूस आला तो पाचव्या दिवशी. तोवर आम्ही वाळूच्या बादल्या भरून जीव मुठीत धरून काम केलं. त्या माणसाचं नाव मार्तंड. बोटांवर तेजाबाचे डाग. त्यानं झाकण उघडून मला बोलावलं.

"हे सोड्याचं पाणी. ह्यात ही तेजाबाची बाटली टांगायची. गुंडी ठोकली की बाटली फुटती, दोघं भेटत्यात, अन् वाफेगत दम कोंडून पाणी भाईर पडतं."

"अन् भेटले न्हाईत तर?"

"तर वर्षानुवर्षं गप बसत्यात."

मग त्यानं सांगितलं, विलायतेत एका कप्तानानं आग बघितली, वरच्या मजल्यावर पाणी पोचेना. त्यानं तांब्याचं भांडं केलं, आत पाणी आणि कोंडलेली हवा, माणसानं उचलून न्यावं असं. पुढं फ्रान्सात कुणी सोडा-तेजाब घातलं. "दीडशे वर्षं डोकी खपली, हरणाबाई. तुमी एका नारळात मोकळा केला!"

मी पदर तोंडाला लावून हसले. लई दिवसांनी.

जाताना त्यानं चिठ्ठी लिहून बंबाच्या गळ्यात बांधली. मी विचारलं, काय लिवलं?

"वाचायला शिका, मग कळंल. सालाला पाणी बदलावं लागतं. पुढच्या नवमीच्या आधी येतो."

वर्षभर मी तो बंब पुसला. नवमी आली, मार्तंड आला नाही. आण्णासाहेब म्हणाले, "बंब भरलेला हाय. बोलवायचं कशाला?"

बंडप्पानं माझ्या हातात पुन्हा नारळ दिला. "आण्णासाहेब, धोतर सांभाळा!" सगळे हसत होते. गुंडी समोर चमकत होती. एक ठोका, की पाचव्या दिवशी तो दारात. कुणी दोषही दिला नसता. बाईची चूक, दुसऱ्यांदा झाली म्हणाले असते.

पण ते पाच दिवस बंब रिकामा राहणार आणि यंत्रं चालणार होती. आदल्याच दिवशी कापसातला खडा जिनात अडकून ठिणगी उडाली होती. आणि कापसाच्या ढिगाशेजारी झोळीत नागम्माची तान्ही झोपलेली.

मी उंबऱ्याबाहेर गेले आणि नारळ दगडावर फोडला.

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेबांच्या मागं लागले, सालाला पाणी बदलावं लागतं म्हणून. त्यांनी पत्र घातलं. माणूस आला. दुसराच.

"मार्तंड? त्यानं काम सोडलं. कोल्हापूरकडं गेला म्हनं."

त्यानं नवी चिठ्ठी बांधली, जुनी फेकली. मी ती उचलून कमरेला खोचली.

बावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकले. स्वतःचं नाव आलं, गावाचं आलं, तेव्हा पेटीतली चिठ्ठी काढली. शाई विटली होती. एकेक अक्षर लावत दुपार गेली.

"बंब भरला. नवमीच्या आधी येतो. जमलं नाही, तर हरणाबाईंनी नारळ दगडावर फोडावा. मार्तंड."

फोडला होता की. दगडावरच.