अक्षताचा शेवटचा पेपर

नायगावच्या अंध केंद्रात सुभद्रा पाटकर लेखनिक म्हणून जायची. अंध मुलं परीक्षेत उत्तरं तोंडी सांगायची, ती शेजारी बसून उतरवून घ्यायची. लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी हवं असा नियम. सुभद्रा बारावीवर थांबलेली, म्हणून बीएच्या मुलांना ती चालायची. केंद्रातली बाकीची धावपळ हितेंद्र करायचा. रात्रपाळी संपवून तो थेट तिथे यायचा आणि कुणाला बँकेत, कुणाला दवाखान्यात घेऊन जायचा. पगार दोघांनाही नव्हता.

त्या एप्रिलमध्ये सुभद्राचा धाकटा भाऊ आनंदा परळच्या एका हॉस्पिटलात होता. फुप्फुसं निकामी होत आली होती. ती रोज संध्याकाळी फणसवाडीतल्या घरून त्याच्याकडे जाऊन बसायची. केंद्रातल्या अक्षताच्या बीएच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी आनंदानेच तिला उठायला लावलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मालवणीत म्हणाला, "फाल्या तुझो पेपर आसा मां? मग घराक जा."

"पेपर माझो न्हय, त्या चेडवाचो, अक्षताचो," ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याला खोकला आला, तेव्हा नर्सने तिला बाहेर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या कॉलेजच्या फाटकाशी ती अक्षताची वाट बघत उभी होती. रुपालीचा, म्हणजे भावजयीचा फोन आला.

"ताई, हे गेले. आत्ताच."

"बरं," सुभद्रा म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. मग तिने भाचीबद्दल विचारलं, "श्रेयाला कळवलंस?"

"विमानाचं तिकीट बघतेय ती. संध्याकाळपर्यंत पोचेल बंगळूरहून. तुम्ही येताय ना?"

"पेपर झाला की येते."

 पलीकडून फोन कट झाला.

मागच्या वर्षी अक्षताचा ठरलेला लेखनिक ऐनवेळी आला नव्हता आणि पोरीचं वर्ष गेलं होतं. हितेंद्र पदवीधर, त्याला लेखनिक म्हणून बसता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला आणायचं तर परवानगी घ्यायला वेळ नव्हता. हे सगळं सुभद्राच्या डोक्यात ओळीने आलं, पण ते रुपालीला परत फोन करून सांगावं असं तिला वाटलं नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर एक बाई गजरे ओवत होती, तिच्या हातांकडे ती बघत राहिली.

रिक्षा नसलेल्या त्या भागात अक्षता टॅक्सीने आली. तिच्या बीडीडी चाळीतल्या शेजाऱ्याने तिला फाटकाशी सोडलं. तिने सुभद्राचं कोपर धरलं. "मावशी, काल रात्रभर झोप नाही. हात बघा माझे, थंडगार पडलेत."

"चल, वरती जाऊ," सुभद्रा म्हणाली.

त्यांना वेगळी खोली दिली होती. सुभद्राने प्रश्न वाचून दाखवले. अक्षता भराभर सांगू लागली आणि सुभद्रा लिहू लागली. कामगार चळवळ, संप, करार, तारखा. अक्षर नेहमीसारखंच वळणदार येत होतं. मधेच तिला आठवलं, की आनंदाचा चष्मा आपल्याच पिशवीत राहिलाय. काच पुसून द्यायला म्हणून तिने तो घेतला होता.

"वाचा बघू शेवटचा परिच्छेद," अक्षता म्हणाली.

सुभद्राने वाचलं.

"अहो, मधलं अख्खं वाक्य गेलं! मावशी, लक्ष कुठाय तुमचं? शेवटचा पेपर आहे हो माझा."

"चुकलं. परत सांग."

अक्षताने जरा तोडूनच परत सांगितलं. सुभद्राने लिहिलं. जादा वेळ संपेपर्यंत त्या लिहीत होत्या.

फाटकाशी हितेंद्र थांबला होता. अक्षताला सरबत प्यायचं होतं, सगळे प्रश्न झाल्याचं सांगायचं होतं. ती बोलत असतानाच हितेंद्रने विचारलं, "ताई, भाऊ कसा आहे?"

"सकाळी गेला."

अक्षता बोलायची थांबली. "सकाळी म्हणजे? पेपरच्या आधी?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

 अक्षताने तिच्या कोपरावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. मग ती रडायलाच लागली. "मी ओरडले तुमच्यावर," ती सारखी म्हणत होती. हितेंद्रने टॅक्सी थांबवली. घरी जा म्हटलं तरी अक्षता ऐकेना, म्हणून तिघंही परळला गेले.

रुपाली वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. तिने मान वर करून तिघांकडे पाहिलं. "ही का ती पेपरवाली?" तिने विचारलं.

"हो, काकी," अक्षता म्हणाली. हाताने बाक चाचपत ती रुपालीच्या शेजारी बसली. "मला माहीत नव्हतं. खरंच."

रुपालीने आधी तोंड फिरवलं. मग त्या अनोळखी पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. हितेंद्र कागदपत्रांच्या खिडकीकडे गेला. सुभद्रा भिंतीला टेकून उभी राहिली. संध्याकाळी श्रेया आली आणि आनंदाला नेलं. सुभद्राच्या डोळ्यांत स्मशानातही पाणी आलं नाही, आणि ते तिथल्या बायकांनी पाहिलं.

तेराव्याला लालबागच्या घरी जेवणं उरकल्यावर रुपाली तिच्यापुढे बसली. "एकटी होते मी तिथे, ताई. तोंडावर चादर ओढायला सांगितली, तीसुद्धा मीच ओढली."

"हो."

"तुम्ही यायला हवं होतं."

"हो. यायला हवं होतं."

रुपाली आणखी कशाची तरी वाट बघत होती. सुभद्राने जमेल तेवढं शोधलं, पण आत काही सापडेना. शेवटी रुपाली उठून भांडी आवरायला गेली.

सुभद्रा पुढच्याच सोमवारी केंद्रात गेली. मुलांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, एकाची फी भरायला हितेंद्रबरोबर गेली. लोक म्हणाले, ताई खंबीर आहेत. तिने ते खोडून काढलं नाही.

निकाल लागला. अक्षता पास झाली. पेढे घेऊन फणसवाडीत आली तेव्हा म्हणाली, "लालबागच्या काकींना पण नेऊन द्या. माझ्याकडून."

सुभद्रा दुसऱ्या दिवशी लालबागला गेली. रुपालीने दार उघडलं, पेढ्यांचा पुडा घेतला आणि चहा टाकला.  खाली पाण्याचा टँकर आला होता, बायकांची हाकाहाक चालली होती.

"रुपाली," सुभद्रा म्हणाली, "त्या सकाळी काय काय झालं ते मला सांग. मी नव्हते ना."

रुपाली तिच्याकडे बघत राहिली. "आता?"

"आता. सगळं."

रुपालीने कप खाली ठेवला. पहाटे त्यांनी पाणी मागितलं, इथपासून ती सांगू लागली. सुभद्रा हलली नाही. चहावर साय धरली.