दिवा लागला, झडप उघडीच

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतली झडप आहे. डॅशबोर्डच्या आत, अंधारात राहते. म्हणून मला कुणी ओळखत नाही. गोल बाणाचं बटण दाबलं की बाहेरची हवा अडवायची आणि आतलीच हवा फिरू द्यायची, एवढंच माझं काम. नवी होते तेव्हा मी चुटकीसरशी मिटत असे.

मुरुम गावचे अडते गुरुलिंगअप्पा माझे मालक. त्यांच्या लेकीला, निकिताला, दमा. शेतांत उसाचं पाचट पेटलं की रस्ताभर धूर. पण ड्रायव्हर बिराप्पा काचा चढवून बटण दाबी आणि तिला शाळेतून सुखरूप घरी आणी. अप्पा चारचौघांत गाडीचं कौतुक करत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

दर अमावास्येला अप्पा गाडीची पूजा करत. झेंडूची फुलं समोरच्या काचेखाली, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीवर वाहत. जाळीचा कोपरा तुटलेला होता. वाळलेली फुलं, देठ आत घरंगळत आले आणि एके दिवशी मी अर्ध्यातच अडकले.

त्या दुपारी निकिता धापा टाकतच घरी आली. गाडीत धुराचा वास.

"बिराप्पा, गाडीत बिडी वढलास व्हय?" अप्पा कडाडले.

"न्हाय मालक, बसवण्णाची आण! बाहेरचा धूर आत येतोय."

अप्पांनी बटण दाबलं. त्यावरचा दिवा लागला. "हे तर चालू हाय! मग धूर येतोच कसा? लेकरापुढं खोटं बोलतोस?"

दिवा बटणाचा हो! मी मिटले की नाही, हे त्याला काय ठाऊक? मी जिवाच्या आकांतानं धडपडत होते. बिराप्पा किल्ली ठेवून निघून गेला. निकितानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढं अप्पा स्वतः गाडी चालवू लागले, तरी धूर येतच राहिला. मग मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बटण दाबून जाळीपाशी उदबत्ती धरली, तर वास थेट आत! त्यानं डॅशबोर्डचा कप्पा काढून कान लावला. मला मिटवणारी मोटर नुसतीच कटकटत होती. हात घालून त्यानं मूठभर वाळका झेंडू बाहेर काढला. अप्पांचा चेहरा पडला.

निकिताला घेऊन ते तडक बिराप्पाच्या दारी गेले. ती गाडीतच बसली होती.

"चुकलं माझं, बिराप्पा. फुलं मीच वाहिली अन् आळ तुझ्यावर घेतला. कामावर ये."

"येतो, मालक. पन हे मला नगं, पोरीला सांगा. ती मला खोटारडा समजती."

अप्पांनी लेकीला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

बिराप्पा परत आला. पण गाडीत बसण्याआधी रोज, कुणी न मागता, तो दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. अप्पा मान खाली घालतात. मलाही फार अपराधी वाटतं.

मित्रांनो, माझी जाळी साफ ठेवा. आणि दिवा पाहून माणसाला खोटं ठरवण्याआधी, एकदा मला तपासा.